हिरवी करवली

शरयूताई लघाट्यांनी तुळशीचं लग्न पुढे ढकलायचं ठरवलं ते देवउठनी ग्यारसेच्या, म्हणजे कार्तिकी एकादशीच्या सकाळी, तुळशीला पाणी घालता घालता. तांब्या कलता झाला आणि हात तसाच थांबला. तुळशीच्या मधल्या फांदीवर एक मँटिस बसली होती.

बोटाएवढी लांब, मटारच्या कोवळ्या शेंगेसारखी हिरवी, पुढचे दोन पाय छातीशी जोडलेले. पुस्तकं तिला प्रार्थना-कीटक म्हणतात. शरयूताईंचं मत वेगळं होतं: ही प्रार्थना नाही, दबा धरून बसायची पद्धत आहे. त्यांनी तांब्या खाली ठेवला, चष्मा नाकावर नीट बसवला आणि तिचं पोट पाहिलं. पोट टम्म फुगलेलं होतं. म्हणजे आज नाही तर चार दिवसांनी ती एखाद्या काडीला उलटी लटकणार, फेसाचा एक गोळा सोडणार आणि त्या फेसात अंडी घालणार. फेस वाळला की बत्ताशासारखा कडक होतो. त्या फेसाचा फोटो, तो बाहेर येत असतानाचा, शरयूताईंना शाळेतून निवृत्त झाल्या दिवसापासून हवा होता.

अडचण एवढीच होती की लग्न उद्या होतं.

ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या त्या गल्लीत तुळशीचं लग्न दोन घरांत मिळून लागे. लघाट्यांच्या आणि शेजारच्या महाडिकांच्या वडीलधाऱ्यांनी एकाच वर्षी घरं बांधली, मधली भिंत सामाईक घातली आणि पहिल्याच कार्तिकात ठरवून टाकलं की तुळस लघाट्यांची आणि बाळकृष्ण महाडिकांचा. तेव्हापासून लघाटे वधूपक्ष आणि महाडिक वरपक्ष. एरवी एकमेकांना वहिनी-भाऊजी म्हणणारी माणसं कार्तिकात व्याही-विहीण होत. लग्न म्हटलं की वृंदावनाला गेरू लागणार, तुळशीला चुनरी येणार, अक्षतांचा मारा होणार आणि मंगलाष्टकं संपताच गल्लीतली पोरं लवंगी माळ लावणार. एवढ्या धामधुमीत थांबायला मँटिसला काही मानपान नव्हता.

बरं, खरं कारण सांगून लग्न पुढे ढकलावं, तर वरपित्याचं नाव संभाजीराव महाडिक होतं.

संभाजीरावही किड्यांचे फोटो काढत. मराठी मंडळाच्या प्रदर्शनात सलग तीन वर्षं पहिलं बक्षीस त्यांना मिळालं होतं. त्यांच्या फोटोंतले चतुर, म्हणजे ड्रॅगनफ्लाय, असे बसलेले असत की जणू कोणी त्यांना ‘हलू नका’ म्हणून दम दिलाय. यामागचं रहस्य शरयूताईंना ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं त्या धरून चालत. किडा डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला की गारठतो आणि बाहेर काढल्यावर थोडा वेळ जागचा हलत नाही. काही फोटोवाले हा उद्योग करतात. शरयूताई याला पाप म्हणत. त्यांच्या मते किडा गारठायला हवा तो खऱ्या थंडीनं, त्याच्या स्वतःच्या फांदीवर, आणि फोटो काढणाऱ्यानं त्याच्याइतकंच कुडकुडायला हवं. गेल्या वर्षी बक्षीस समारंभात त्या हे आपल्या नवऱ्याच्या, अभिरामपंतांच्या, कानात बोलल्या होत्या. माइक बंद आहे अशी त्यांची समजूत होती.

तेव्हापासून मंडळाच्या कार्यक्रमात संभाजीरावांच्या पत्नी सुमनताईंच्या, त्याच फ्रिजमधून आलेल्या श्रीखंडाला कोणी हात लावत नव्हतं.

आणि यंदा थंडी येतच नव्हती. कार्तिक अर्धा संपत आला तरी रात्री पंखा चालत होता. बाजारात थंडीतल्या तिळाच्या गजकचे ठेले लागले होते, पण गजक बोटांना चिकटत होती. हवा गरम असेल तर किडे चपळ, आणि किडे चपळ असतील तर शरयूताईंचे फोटो अस्पष्ट. प्रदर्शनाला फोटो द्यायची मुदत पौर्णिमेच्या दुपारपर्यंत होती. शरयूताईंपाशी तोवर दाखवण्यासारखा एकच फोटो होता, आणि त्यात एका फुलपाखराचा मागचा अर्धा भाग होता.

“अहो,” त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हळूच म्हणाल्या, “लग्न पौर्णिमेला करायचं.”

अभिरामपंत चहा गाळत होते. “कोणाचं?”

“तुळशीचं.”

“का? मुलगी अजून लहान आहे?”

शरयूताईंनी त्यांना हाताला धरून अंगणात आणलं आणि फांदी दाखवली. अभिरामपंतांनी बघितलं. मँटिसनंही तिकोनी डोकं वळवून अभिरामपंतांकडे बघितलं.

“शरयू, संभाजीला सांगून टाक ना सरळ. तो काय खाणार आहे तिला?”

“खाणार नाही, डब्यात घालेल.”

“छोड ना यार.”

“पौर्णिमेपर्यंत ती इथे अंडी घालेल. मला पौर्णिमेपर्यंतचे दिवस द्या, बाकी मी बघते.”

“आणि महाडिकांना काय सांगणार?”

“सांगते काहीतरी. मुलीची आई आहे मी. रुसायचा हक्क आहे मला.”

“रुसायचा हक्क मुलाकडच्यांचा असतो,” अभिरामपंत म्हणाले आणि पुन्हा चहाकडे वळले.

शरयूताई तडक शेजारी गेल्या. सुमनताई ओट्यावर शिंगाडे सोलत होत्या. गेलं वर्षभर त्या शरयूताईंशी बोलत होत्या, पण शेवटचे शब्द गिळून.

“या विहीणबाई. बसा म्हटलं असतं...”

“बसायला नाही आले. सुमनताई, मनातलं बोलते. दरवर्षी आपण हे लग्न उरकतो. लाज वाटते मला. एकुलती एक मुलगी, आणि ना साखरपुडा, ना रुखवत, ना सीमांतपूजन. पंधरा मिनिटांत मुलगी देऊन मोकळे! यंदा सगळं रीतसर करायचं. रोज एक विधी, आणि पौर्णिमेला लग्न.”

सुमनताईंच्या हातातला शिंगाडा तसाच राहिला. “अचानक?”

“मुलीची जात आहे. उद्या सासरच्यांनी काही काढायला नको.”

आतून संभाजीराव आले. उंच, ताठ, मिशांना तेल लावलेलं. ते वीज खात्यातून निवृत्त झाले होते, पण त्यांच्या घराण्यात पूर्वी घोडदळ होतं हे कुणाला विसरू देत नसत. त्यांनी सगळं ऐकलं आणि शरयूताईंकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

“रीतसर म्हणजे आमच्या बाजूनंही रीतसर?”

“अर्थात.”

“मग मंजूर,” संभाजीराव म्हणाले. “मी घोडा बघू का?”

“घोडा नको,” शरयूताई घाईनं म्हणाल्या. “अंगण लहान आहे.”

इतक्या सहज मान्य झालं तेव्हाच त्यांनी सावध व्हायला हवं होतं. पण त्या परत गेल्या त्या कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावायला.

द्वादशीला साखरपुडा झाला. शरयूताईंनी तुळशीपासून हातभर अंतरावर पाट मांडून पाहुण्यांना तिथेच थोपवलं आणि आरतीचा दिवा वृंदावनाऐवजी उंबऱ्यावर ठेवला. “मुलीला धूर सोसत नाही,” त्यांनी सांगितलं. पहाटे मात्र त्या चटईवर पालथ्या पडून, कोपरं टेकून, श्वास रोखून तुळशीसमोर असत. मँटिस दर वेळी लेन्समध्ये बघे, पाय चाटून साफ करी आणि फांदीच्या पलीकडच्या बाजूला जाई. फेसाचा पत्ता नव्हता. हवा अजून उबदारच.

महाडिकांच्या गच्चीवरून लघाट्यांचं अंगण दिसतं ही गोष्ट शरयूताई विसरल्या होत्या. एक निवृत्त मुख्याध्यापिका भल्या पहाटे तुळशीला साष्टांग नमस्कार घालते, इथवर ठीक होतं. पण ती नमस्कारात रांगत डावीकडे सरकते आणि मधूनच ‘अगं, इकडे बघ ना’ म्हणते, हे भक्तीच्या कुठल्याच प्रकारात बसत नव्हतं.

त्रयोदशीला सकाळी निरोप आला: वरपक्ष मुलगी बघायला येतोय.

“साखरपुडा झाल्यावर मुलगी बघतात होय?” शरयूताई फोनवर म्हणाल्या.

“आमच्या आधीच्या पिढीनं बघितली होती,” संभाजीरावांचा आवाज गोड होता. “मी स्वतः कधी रीतसर बघितलेली नाही. तुम्हीच म्हणालात, सगळं रीतसर.”

नाही म्हणायला जागाच नव्हती. शरयूताईंनी कपाट उघडलं. तुळस झाकायला हवी होती, पण जड कापडाखाली मँटिस चिरडली असती. म्हणून त्यांनी सगळ्यात हलकी साडी काढली, चंदेरी, फिकट मोतिया रंगाची. वृंदावनात चारी बाजूंना काठ्या रोवून तिचा पडदा केला. फांद्यांना साडी कुठेच टेकत नव्हती. हे इतकं सफाईनं केलं की अभिरामपंतांनीही मान डोलावली. चंदेरीचं वैशिष्ट्य काय, हे दोघांपैकी कोणालाच त्या घाईत आठवलं नाही.

पाहुणे आले. कांदेपोहे झाले. संभाजीराव वृंदावनासमोरच्या खुर्चीवर बसले.

“मुलीचं नाव?”

“तुळस,” अभिरामपंत म्हणाले.

“शिक्षण?”

“घरीच.”

“स्वयंपाक येतो का?”

“काढ्यात तिचा हात कोणी धरत नाही.”

“वागायला कशी आहे?”

“घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. लग्नं मात्र बरीच झालीत. सगळी तुमच्याच मुलाशी, म्हणून आम्ही काही बोलत नाही.”

सुमनताईंना हसू आवरेना. वर्षभरात पहिल्यांदाच त्या या अंगणात हसत होत्या. शरयूताईंना बरं वाटलं आणि नेमक्या त्याच क्षणी सूर्य महाडिकांच्या टाकीवरून वर आला.

चंदेरीतून ऊन आरपार गेलं. पडद्यावर तुळशीची सावली उमटली, पान न् पान. मधल्या फांदीवर आणखी एक सावली होती: लांब मान, जोडलेले हात, तिकोनी डोकं, टम्म पोट आणि कडेला हिरवी झाक. ते डोकं सावकाश वळलं आणि संभाजीरावांच्या दिशेनं थांबलं.

संभाजीरावांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

“मुलगी पसंत आहे,” ते अखेर म्हणाले. “आणि करवली तर फारच.”

“कोण करवली?” सुमनताईंनी विचारलं.

“हिरवी आहे. दिवस भरत आलेत.”

“अगं बाई! करवलीचे?”

शरयूताईंनी साडीची एक निरी उगाचच सारखी केली. त्यांचा चेहरा, शाळेत कॉपी करताना पकडलेल्या मुलीचा होई तसा झाला होता. फरक इतकाच की या वेळी पकडल्या गेल्या होत्या त्याच.

संभाजीराव उठले. “आता एक रीत राहिली. आमच्यात लग्न मुलाच्या दारी होतं. मुलीला आणून लग्न लावतात. तेव्हा तुळस उद्या आमच्या अंगणात.”

“इतकी वर्षं तर इथेच लागतंय,” सुमनताई म्हणाल्या.

“इतकी वर्षं उरकत होतो. यंदा रीतसर.”

“आमच्यात मुलीच्या मांडवात लागतं,” शरयूताई म्हणाल्या. “आणि वृंदावन सिमेंटचं आहे. हलणार नाही.”

“आत कुंडी आहे. मी स्वतः बसवून दिली होती.”

“कुंडीला हात लावलात तर लग्न मोडलं.”

“मोडा. मुलाला स्थळांची कमी नाही. हरिशंकरपुरम कॉलनीत एक तुळस आहे, तुमच्या दुप्पट.”

“खुशाल जा. तिच्यावर काय बसलंय ते बघून घ्या आधी!”

आता हे भांडण लुटुपुटीचं राहिलं नव्हतं. दोघांच्याही नजरा पडद्यावरच्या सावलीवर होत्या. तोड अभिरामपंतांनी काढली. वृंदावन तसंही सामाईक भिंतीला लागून होतं. उसाचा मांडव भिंतीवरूनच घालावा: दोन ऊस इकडच्या जमिनीत, दोन तिकडच्या, शेंडे मध्यावर बांधलेले. मांडव दोघांच्याही दारी, आणि तुळस जागची हलणार नाही. ऊस आणायचा मान वरपक्षाचा.

चतुर्दशीच्या संध्याकाळी संभाजीरावांनी ऊस बांधले. शरयूताई पहारा देत उभ्या होत्या. एक ऊस तुळशीला इतका खेटून गेला की मधली दोन पानं त्याच्यावर टेकली. पण संभाजीरावांनी तो असा अलगद उभा केला की फांदी थरथरली नाही. मँटिसच्या जवळपासही हात गेला नाही. शरयूताईंना हे मनाविरुद्ध नोंदवून ठेवावं लागलं.

त्या रात्री वारा फिरला. उत्तरेकडून आला आणि खिडकीच्या फटीतून सरळ रजईत शिरला. पहाटे शरयूताईंना जाग आली ती नाक गार पडल्यामुळे. त्या ताडकन उठल्या. हाताला येईल ते अंगावर चढवलं: अभिरामपंतांचा स्वेटर, वर शाल, डोक्याला त्यांचीच किरमिजी माकडटोपी, हनुवटीखाली बटण लावलेली. कॅमेरा घेतला आणि बाहेर आल्या.

तुळशीवर कोणी नव्हतं.

त्यांनी फांदी न् फांदी पाहिली. मग नजर उसावरून वर गेली. तो ऊस तुळशीजवळून निघून तिरका भिंतीवरून पलीकडे झुकला होता. बरोबर भिंतीच्या वर मँटिस होती, उलटी, डोकं खाली लघाट्यांकडे आणि पोट वर महाडिकांकडे. अंगभर दवाचे थेंब, डोळ्यांवरसुद्धा. आणि पोटाच्या टोकापासून पांढरा फेस येत होता. पोट डावीकडे जाई, उजवीकडे जाई, आणि प्रत्येक फेरीला फेसाचा एक थर बसे. गवंडी गिलावा करतो तसं, पण गवंड्याहून एकसारखं.

शरयूताई स्टुलावर चढल्या, कोपरं भिंतीवर टेकली, डोळा कॅमेऱ्याला लावला. मँटिसचा चेहरा स्पष्ट झाला, मग पाय, मग फेस. आणि फेसाच्या मागे दोन्ही बाजूंना काहीतरी काळं, टोकाला वर वळलेलं.

त्या मिशा होत्या.

“सुप्रभात, विहीणबाई,” मिशा कुजबुजल्या. पलीकडून शटरचा आवाज आला.

संभाजीरावही स्टुलावर होते. कॅमेराही होता. दोघांमध्ये वीतभर भिंत आणि एक मँटिस. डावीकडून फोटो घ्यावा तर बोगनवेल, उजवीकडून घ्यावा तर मीटरची पेटी. जागा होती ती हीच, समोरासमोर.

“खाली बसा,” शरयूताई कुजबुजल्या. “माझ्या फोटोत येताय.”

“तुम्ही माझ्या फोटोत येताय.”

शरयूताईंनी लेन्सचं छिद्र मोठं करून पाहिलं. मागचे संभाजीराव धुक्यात विरघळले, पण त्यांच्याबरोबर फेसही विरघळला. छिद्र लहान केलं. फेसाचा बुडबुडा न् बुडबुडा दिसू लागला, आणि मिशीचा केस न् केस. पोट हवं असेल तर मिशी घ्यावी लागत होती.

“दोन मिनिटं वाका हो. मी घेते, मग मी वाकते. तुम्ही घ्या.”

“आधी मान वरपक्षाचा. तुम्ही वाका.”

“मी वाकले की तुम्ही ती संपेपर्यंत काढत बसाल.”

“विश्वास नाही?”

“नाही.”

“मग माझाही नाही. माइकवरून एवढं बोलल्यावर कसा असेल?”

क्लिक. क्लिक. दोन्हीकडून.

“खरं सांगा,” शरयूताई डोळा न काढता म्हणाल्या, “फ्रिज की नाही?”

“वहिनी, आमच्या फ्रिजमध्ये मी हिला न विचारता कोथिंबिरीची जुडी ठेवली, तर ही दोन दिवस बोलत नाही. तिथे मी चतुर ठेवीन?” क्लिक. “मी नदीकाठी जातो. अंधारात. माझ्या गुडघ्यांना विचारा.”

उत्तर पटण्यासारखं होतं, त्यामुळे शरयूताईंनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांनी तीनदा ‘वाका’ म्हटलं, संभाजीरावांनी तीनदा ‘आधी तुम्ही’. कोणी वाकलं नाही. मग टाकीवरून ऊन आलं, भिंतीवर उतरलं, उसावर पडलं. मँटिसनं शेवटचा थर बसवला, जरा थांबली, दव झटकलं आणि उसावरून उतरून बोगनवेलीत निघून गेली. मागे बत्तासा राहिला.

दोघंही स्टुलावरून उतरले. आपापल्या घरात गेले. आपापल्या संगणकासमोर बसले.

शरयूताईंनी सगळे फोटो पाहिले. एक फोटो असा होता की त्यांनी चहा थंड होऊ दिला. डोळ्यांवरचं दव, त्या दवात उलटं उमटलेलं अंगण, फेसाची घडी न् घडी. आयुष्यात त्यांनी याहून चांगला फोटो काढला नव्हता. आणि मँटिसच्या मागे संभाजीराव अशा कोनात आले होते की मिशा तिच्याच वाटत होत्या. त्यांनी तो कापून पाहिला. मिशा गेल्या तेव्हा पोटही गेलं.

तसाच पाठवावा, तर मंडळाचे सचिव लक्ष्मीकांत यांचा नवा नियम होता. गेल्या वर्षी कोणीतरी व्याख्यानात घोरणाऱ्या सभासदाचं ‘चिंतन’ या नावानं चित्र लावलं आणि बराच वाद झाला. तेव्हापासून फोटोत माणूस ओळखू येत असेल तर त्याची संमती लागे. आणि त्या मिशा ग्वाल्हेरात कोणीही ओळखल्या असत्या.

दारावर टकटक झाली. संभाजीराव लॅपटॉप हातावर तोलत उभे होते. “संमती हवी होती,” ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज वरपक्षाचा नव्हता.

त्यांनी पडदा वळवला. मँटिसचं पोट आणि फेस इतक्या जवळून की स्पर्श करावासा वाटावा. मागे किरमिजी माकडटोपी. टोपीत एक चेहरा: डावा डोळा घट्ट मिटलेला, नाक लाल, आणि ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलेलं जिभेचं टोक.

शरयूताई बघत राहिल्या. गोरखी वाड्याजवळच्या त्यांच्या शाळेत लश्कर भागातल्या मराठी घरांतल्या निम्म्या मुली शिकल्या होत्या. त्या सगळ्या आता बायका झाल्या होत्या आणि सगळ्या प्रदर्शनाला येत.

“जीभ काढता येते का संगणकावर?”

“येते. पण मग फोटो बाद होतो. तोही लक्ष्मीकांतचाच नियम.”

अभिरामपंत मागून डोकावले. “वा! ओळख पटते अगदी. मला तर लगेच पटली, टोपी माझी आहे.”

शरयूताईंनी संमती दिली नाही, तर त्यांनाही मिळणार नव्हती. दोघांचेही फोटो घरी राहतील आणि संभाजीरावांना चौथं बक्षीस मिळणार नाही. हाही एक मार्ग होता, आणि शरयूताईंनी तो उलटसुलट करून नीट तपासला. दुपार व्हायला फार वेळ नव्हता. त्यांनी आपल्या संगणकाचा पडदा संभाजीरावांकडे वळवला.

संभाजीराव खुर्चीच्या कडेवर बसले. दवाकडे बघितलं, फेसाकडे बघितलं. मग म्हणाले, “वहिनी, हा माझ्याहून चांगला आहे.”

“माहीत आहे.”

“आणि मिशी बरी आलीये.”

“तुमची नाही, तिची वाटते.”

“म्हणूनच बरी आलीये म्हटलं.” त्यांनी घसा साफ केला. “माझी संमती. एक प्रत मात्र हवी, मोठी.”

शरयूताईंनी लॅपटॉपकडे पुन्हा एकदा बघितलं. जीभ अजून तिथेच होती.

“पाठवा,” त्या म्हणाल्या. “लवकर. माझा विचार बदलेल.”

त्या संध्याकाळी लग्न लागलं. अक्षता पडल्या, माळ वाजली, आणि बत्तासा असलेल्या उसाला कोणी हात लावला नाही, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना दोन्ही पक्ष उभे होते.

मार्गशीर्षात प्रदर्शन भरलं. पहिलं बक्षीस किल्ल्यावरच्या सूर्यास्ताला मिळालं. तो दरवर्षी कोणीतरी काढतंच. लक्ष्मीकांतांनी मँटिसचे दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले होते, आणि गर्दी सूर्यास्तापुढे नव्हती. शरयूताई लांबून बघत होत्या. चष्मा लावून, तोंडावर हात ठेवून हसणाऱ्या निदान चार बायका त्यांनी दुरूनही ओळखल्या. त्यांतल्या दोघी गणितात कच्च्या होत्या.

शालीत गुरफटलेल्या एक बाई माकडटोपीच्या अगदी जवळ वाकल्या. शेजारी संभाजीराव हात मागे बांधून उभे होते.

“ही कोण हो?” बाईंनी विचारलं.

“मुलीची आई,” संभाजीराव गंभीरपणे म्हणाले. “लग्नघर म्हटलं की अशी धांदल होते.”

“कुठल्या मुलीची?”

“माझ्या,” शरयूताई मागून म्हणाल्या. त्यांनी बाईंना खांद्याला धरलं आणि दोन पावलं डावीकडे सरकवलं. “आणि तिथून नाही दिसत नीट. इथे उभ्या राहा. आता पोटाकडे बघा.”